दहा बाय सहाचा ऑस्ट्रेलिया

मित्रांनो, मी फ्लेक्स आहे. फाट्याफाट्यावर, विजेच्या खांबांना जे टांगलेले असतात आणि ज्यांच्यावर गॉगल घातलेली तोंडं हसत असतात, त्यांच्याच जातीतला. दहा फूट रुंद, सहा फूट उंच. आता जुना झालोय. कडा उसवल्यात, लाल रंगाचा गुलाबी झालाय, चार ठिकाणी शेळ्यांनी चावून बघितलंय आणि सोडून दिलंय. माझ्यावरची अक्षरं मात्र अजून वाचता येतात. तेच माझं दुखणं आहे.

माझा जन्म पिरंगुटला कैलासच्या दुकानात झाला. कैलास सगळंच छापतो. वाढदिवस, निवड, दशक्रिया, सगळं एकाच यंत्रावर आणि एकाच शाईत. त्या दिवशी त्याच्याकडं बापलेक आले होते, म्हसूआबा आणि सिद्धनाथ. मेंढरं राखणारं घर, घोटावड्याच्या वरच्या अंगाला वस्ती. डोंगराचे प्लॉट पडले, चराई गेली, मेंढरं शंभराची तीस झाली, तेव्हा सिद्धनाथ पोकलेन चालवायला शिकला. बापानं ज्या डोंगरावर मेंढरं चारली तोच डोंगर पोरानं पोकलेननं उकरला. पोट कुणाला विचारून भुकेजत नाही. पण हात असा सफाईचा, की एका कंपनीनं त्याला रस्त्याच्या कामावर परदेशी घेतलं. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवर.

“देश कंचा टाकू?” कैलासनं विचारलं.

“सॉलोमन बेटं,” सिद्धनाथ म्हणाला.

“ह्ये कुटं आलं?”

“ऑस्ट्रेलियाच्या पल्याड. समुद्रात.”

“आरं, वाचणाऱ्याला कळाया नगं? लोकं म्हणतील, बेटावर धाडला, काय गुन्हा केलाता. इमान कुटनं जातंय?”

“ब्रिस्बेनला बदलायचं.”

“मंग ऑस्ट्रेलियाच की. कांगारूचं चित्र तयारच हाय माज्याकडं.”

“आबा, तितं मी निस्ता पाच तास...”

“पाय तर लागतुया न्हवं?” म्हसूआबा म्हणाले. “टाक रं कैलास. मोठं टाक.”

आणि मी यंत्रातून बाहेर आलो. ‘ऑस्ट्रेलिया येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ डावीकडं कांगारू, उजवीकडं सिद्धनाथ, त्याच्या अंगात कैलासनं संगणकावर चढवलेला कोट. मी ओला होतो आणि खोटा होतो. पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. नवीन कापडाला मिरवायची हौस असते, मित्रांनो.

टांगायच्या आधी दोन दिवस मी घरात गुंडाळून भिंतीला उभा होतो. त्यातल्याच एका संध्याकाळी ओट्यावर बसून सिद्धनाथनं बायकोला, उज्वलाला, कंपनीनं दिलेलं पत्रक वाचून दाखवलं. पत्रक इंग्रजीत. हा आयटीआय शिकलेला, ती बारावी. दोघं मिळून एकेक ओळ सोडवत होते.

पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. नदी जिथं समुद्राला मिळते तिथं पोहायचं नाही, मगरी असतात. प्रवाळानं पाय कापला तर लगेच धुवायचा, नाहीतर चिघळतो. जमीन बराच वेळ हलली तर भोंग्याची वाट न बघता उंचावर पळायचं. कुणाच्याही किनाऱ्यावर, रानात विचारल्याशिवाय शिरायचं नाही, तिथली जमीन कुळाची असते. दुसऱ्या महायुद्धातले न फुटलेले बाँब अजून मातीत आहेत, खोदताना लोखंड दिसलं तर यंत्र जागच्या जागी थांबवायचं.

“आता लोखंड दिसल्याबिगर खोदायचं कसं?” उज्वला म्हणाली.

“आपल्या हितं बी न्हाई का, पाइपलाइन लागती. तितं बाँब लागतुया. तेवढाच फरक.”

पुढची ओळ मच्छरदाणीची होती. रोज त्यातच झोपायचं, कारण तिथं हिवताप आहे, मेंदूला चढणारा. सिद्धनाथ हसला. “हितं आमी मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडतो. तितं माणसानंच वाघरीत निजायचं.”

“हसू नगा. म्होरलं वाचा.”

म्होरलं होतं गोळ्यांचं. जायच्या आधी सुरू करायच्या, तिथं असेपर्यंत घ्यायच्या आणि परत आल्यावरही चार आठवडे सोडायच्या नाहीत. आणि सगळ्यात खाली, जाड अक्षरांत: परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडं जायचं, आपण कुठं होतो हे सांगायचं आणि हिवतापासाठी रक्त तपासून घ्यायचं.

उज्वलानं ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग पत्रक त्याच्या पिशवीत गेलं आणि त्याच्याबरोबर समुद्रापार गेलं.

मी फाट्यावर चढलो. काय दिवस होते ते! एस्टी थांबली की माना वर व्हायच्या. टेम्पोवाले वाचायचे, कंपन्यांतून सुटलेल्या पोरी वाचायच्या. “धनगराचं पोरगं ऑस्ट्रेलियाला गेलं,” असं म्हणायचे आणि त्यात कौतुक असायचं, जळणंही असायचं. मी ताठ छातीनं वारा अडवायचो. एके दिवशी हैबतराव नावाचे एक गृहस्थ मोटारसायकल थांबवून माझ्यापुढं उभे राहिले. लवळ्याकडचे. त्यांना धाकट्या पोरासाठी मुलगी हवी होती आणि सिद्धनाथच्या पाठची बहीण रेश्मा लग्नाची होती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं आणि वस्तीचा रस्ता विचारला.

असा मी सोयरिकीचा मध्यस्थ झालो. मध्यस्थ खोटा निघाला तर काय होतं, हे तुम्ही ऐका.

महिन्याभरानं फाट्यावर दुसऱ्या कुणाचा तरी वाढदिवस आला आणि मला उतरवलं. म्हसूआबांनी मला फेकलं नाही. पडवीवर बांबू टाकले आणि त्यावर मला ताणून बांधलं, छापलेली बाजू खाली करून. “उन्हानं रंग जातुया,” ते म्हणाले. खरं कारण वेगळं होतं. पडवीत पाहुणा खाटेवर बसला की त्यानं वर बघावं आणि वाचावं. हैबतराव दर खेपेला वर बघायचे. “सिडनीत असतात काय?” त्यांनी एकदा विचारलं. “तितंच,” म्हसूआबा म्हणाले. झालं. खोट्याच्या पोटी खोटं जन्मलं.

दीड वर्षानं, जानेवारीत, सिद्धनाथ परतला. काळवंडला होता, पण धडधाकट होता. शेळ्यांनी त्याला ओळखलं नाही म्हणून सगळे हसले. सकाळी चहानंतर तो खिशातून गोळी काढायचा. तिसऱ्या दिवशी आई, बयाबाईनं बघितलं.

“कसली रं गोळी?”

“हिवतापाची. तिकडनं आल्यावर महिनाभर घ्यायची असती.”

“ताप न्हाई, काय न्हाई, आन् गोळी? उद्या हैबतरावांची माणसं येत्यात. त्यांनी बघितलं तर म्हणतील, पोराला रोग हाय. घर धरून बसत्यात असल्या गोष्टी. ऑस्ट्रेलियात कुटला आलाय हिवताप, सांग की मला.”

ह्याचं उत्तर द्यायचं तर मला पडवीवरून उपसून काढावं लागलं असतं. सिद्धनाथनं गोळ्यांचं पाकीट कोनाड्यात मागं सरकवलं आणि तिथंच राहू दिलं.

सतरा दिवसांनी, सोमवारी दुपारी, त्याला थंडी वाजून आली. दोन गोधड्या, त्यावर घोंगडं, तरी खाट खडखडत होती. ती खाट माझ्याखाली होती, मित्रांनो. तो उताणा पडला होता आणि डोळे उघडले की त्याला दिसत होतो मी. हार्दिक अभिनंदन.

मंगळवारी घोटावड्याचे निरंजन डॉक्टर स्कूटरवरून आले. समाचाराला हैबतरावही आले होते, खुर्ची टाकून बसले होते. डॉक्टरांनी नाडी धरली, पोट दाबलं आणि नजर वर गेली.

“ऑस्ट्रेलियाहून आलास होय? मधे दुसरीकडं कुठं गेला होतास का? जंगलात, हिवताप असलेल्या भागात?”

त्या डॉक्टरला मी दोष देणार नाही. त्यानं नेमकं तेच विचारलं. सिद्धनाथनं तोंड उघडलं, पण शब्द आला तो बापाचा. “न्हाई न्हाई. शहरातच व्हता. सिडनीत.”

सिद्धनाथनं हैबतरावांकडं पाहिलं आणि डोळे मिटले. पाहुण्यापुढं बापाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे त्याला चालायला लागण्याआधी शिकवलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, मग हवापालटाचा ताप दिसतोय, औषध देतो, उतरला नाही तर रक्त बघू. आणि ते गेले.

संध्याकाळी शेळ्यांची धार काढताना उज्वलानं विषय काढला. “मामंजी, त्या कागदावर ल्ह्यालं व्हतं. ताप आला तर त्याच दिवशी सांगायचं.”

“कुटं हाय कागद?”

“कागद तिकडंच ऱ्हायला. माज्या डोक्यात हाय.”

“पोरी, रईवारी सुपारी फुटतीया. सोमवारी आपून दोगं जाऊन डाक्टरला सांगू. पाच दिसात काय आभाळ पडतंय? आज सांगितलं, उद्या हैबतरावाच्या कानावर जाईल. पोरीची सोयरिक मोडली, तर तू दुसरा नवरा आणून देशील तिला?”

उज्वला पुन्हा धार काढायला लागली. मी तिलाही सोडत नाही. तिनंही हैबतरावांच्या बायकोला ऑस्ट्रेलियाच्या गमती सांगितल्या होत्या, मोबाइलवर कांगारू दाखवले होते. आणि रेश्मा तिची नणंद कमी, मैत्रीण जास्त. खोटं एकट्यानं उभं राहत नाही. घरातलं प्रत्येक माणूस त्याला एकेक बांबू लावतं.

त्यात तो ताप कावेबाज. सकाळी उतरायचा. सिद्धनाथ उठून बसायचा, पेज घ्यायचा, म्हणायचा, “बरं वाटतंय. रईवारपातुर काडू.” घर म्हणायचं, बघा, उतरला. दुपारी परत खाट खडखडायची. बुधवारी असंच. गुरुवारी असंच. शुक्रवारी डॉक्टरांनी टायफॉइड आणि डेंग्यूसाठी रक्त नेलं, दोन्ही नाही म्हणून निरोप आला. खरं दुखणं कसं सापडेल? सिडनीच्या माणसाचं रक्त तपासलं होतं त्यांनी.

मी काय करत होतो विचाराल, तर मी फडफडत होतो. मला तोंड नाही. माझ्यावर फुटाफुटाची अक्षरं आहेत आणि त्यांतलं एकही माझ्या हुकमात नाही. वारा आला की मी जीव खाऊन ओढ घ्यायचो. एक टोक सुटावं, मी दुमडावं, निदान तो एक शब्द झाकला जावा. शनिवारी एक टोक खरंच सुटलं. म्हसूआबा उठले, त्यांनी मला पुन्हा ताणलं आणि दोरीला आणखी एक गाठ मारली. “उद्या पाव्हणं यायच्यात,” ते मला म्हणाल्यासारखं पुटपुटले.

रविवार उजाडला. सिद्धनाथचे डोळे पिवळे झाले होते आणि लघवी काळ्या चहासारखी. त्याला आतल्या खोलीत नेऊन दार लोटलं. माझ्याखाली सतरंज्या पडल्या. हैबतरावांकडची वीसेक माणसं बसली, पोहे फिरले, पानाचं तबक मधे आलं. आणि आतून आवाज आला.

“पोकलेनची बकेट वर घ्या. वर घ्या म्हन्तो. खाली बाँब हाय.”

माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

“सपनात बडबडतुया,” म्हसूआबा हसत म्हणाले. “काम लई लागलं अंगाला.”

“लोखंड दिसतंय! इंजान बंद करा!”

तेव्हा उज्वला बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात मोबाइल. ती पुरुषांच्या बैठकीत शिरली, तबकापाशी उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा तिनं फोन लावला.

“डॉक्टर, मी उज्वला बोलतीया. ह्ये ऑस्ट्रेलियाला नव्हते. सॉलोमन बेटं म्हणून देश हाय, तितं व्हते. तितं हिवताप हाय. गोळ्या आमी बंद केल्या. आता माणूस वळकीना झालेत.”

पलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, “मला आणायला येऊ नका. आत्ता, जसे आहात तसे, मोठ्या दवाखान्यात न्या. हेच तिथं सांगा. पहिलं वाक्य हेच सांगा.”

“उज्वले,” म्हसूआबा म्हणाले.

उज्वलानं हैबतरावांकडं तोंड केलं आणि हात वर, माझ्याकडं केला. “मामा, ह्यो खोटं बोलतुया. आन् आमी समदी ह्याच्याखाली बसून खोटं बोललो. तुमाला सोयरिक मोडायची तर मोडा. पन आदी तुमची पिकअप द्या.”

बयाबाईनं तोंडाला पदर लावला. हैबतराव उठले. मला वाटलं, आता तबक लाथेनं उडणार. त्यांनी खिशातून किल्ली काढली.

“म्हसू पाव्हणं,” ते म्हणाले, “माझा पोरगा हिंजवडीत कंपनीत हाय म्हणून सांगितलं न्हवं का तुमाला? कंपनीतच हाय तो. कँटिनात. ताटं गोळा करतुया. मी तुमच्या फ्लेक्सला घाबरून सांगितलं तसं. आता उचला पोराला.”

ऐकलंत? सोयरिक कुणीच मोडणार नव्हतं. सहा दिवस एक माणूस जळत ठेवला तो ह्यासाठी.

पिकअपच्या हौद्यावर ऊन होतं म्हणून उज्वलानं कोयत्यानं माझ्या दोऱ्या तोडल्या आणि मला वर धरलं. एका बाजूनं ती, एका बाजूनं म्हसूआबा. फाट्यावर आलो तर गाड्यांची ही रांग. रविवार होता ना. पुण्याची माणसं मुळशी बघायला आली होती, काचा वर करून, रस्त्यात थांबून कणसं खात होती. हैबतराव हॉर्नवरचा हात काढत नव्हते. म्हसूआबा खाली उतरले आणि एकेका गाडीच्या काचेवर हात आपटत पुढं पळत सुटले. “सरका. माजा पोरगा हाय मागं. सरका वो.” सत्तरीचं माणूस, पायात एकच वहाण. भूगाव येईपर्यंत सिद्धनाथची बडबड थांबली होती. थांबली म्हणून आम्हाला आधी बरं वाटलं. मूर्ख आम्ही.

दवाखान्यात उज्वलानं पहिलं वाक्य तेच सांगितलं. बोटाला सुई टोचली, थेंब घेतला, वीस मिनिटांत उत्तर आलं. हिवताप, मेंदूला चढणारा. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “औषध आहे ह्याला. चांगलं औषध आहे. तुम्ही मंगळवारी यायला हवं होतं.”

त्या चार दिवसांत मी आवारात होतो. दवाखान्याच्या आवारात नातेवाईक फ्लेक्सच अंथरतात, मित्रांनो, बघा कधी. कुणी आमदाराच्या तोंडावर झोपलेलं असतं, कुणी बारशाच्या पाळण्यावर. उज्वला माझ्यावर बसून राहायची. म्हसूआबा बसायचे नाहीत. बाजूला मातीत उभे राहायचे. आतून कळायचं ते तुकड्यातुकड्यांनी. मूत्रपिंडं बंद पडली. यंत्र लावलं. आज पापणी हलली. आज नाही हलली. पोकलेनचा दांडा केसाइतका हलवणारा त्याचा उजवा हात उज्वलानं काचेतून पाहिला आणि येऊन मला सांगितल्यासारखं म्हणाली, “हात निस्ता ठेवल्यावानी ठेवलाय.”

गुरुवारी सकाळी सिद्धनाथ गेला. एकतीस वर्षांचा होता.

मगरीनं त्याला धरलं नाही. बाँबवर त्याची बकेट पडली नाही. दीड वर्ष तो त्या बेटांवर पाणी उकळून प्यायला, जाळीत झोपला, जमीन हलली तेव्हा उंचावर पळाला. कागदावरची एकूणएक ओळ त्यानं पाळली. शेवटच्या दोन ओळी मात्र घरी येऊन पाळायच्या होत्या.

मला आता परत पडवीवर बांधलंय. गरिबाच्या घरात चांगला प्लास्टिकचा कागद टाकून देत नाहीत. म्हसूआबा मला जाळायला निघाले होते, उज्वलानं अडवलं. म्हणाली, जाळून काय हुतंय, शेळ्यांवर पाणी गळतंय. रेश्माचं लग्न वैशाखात झालं, त्याच घरात, कँटीनवाल्या पोराशी. चांगला आहे पोरगा.

तुमच्या पुस्तकांतल्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, बाळांनो, आम्हाला जपा. मी तसलं काही म्हणणार नाही. मला जपू नका. मी प्लास्टिक आहे, मला मातीसुद्धा खात नाही, मी तुमच्या नातवंडांनाही पुरून उरेन. तुम्ही खालच्या खाटेवरच्या माणसाला जपा. तुमच्या घरातलं कुणी लांब गेलं असेल, खाडीत, आफ्रिकेत, बेटावर, जंगलात, तर त्या जागेचं नाव नीट पाठ करा. लाज वाटेल असं नाव असलं तरी पाठ करा. आणि ताप आला, डॉक्टरनं विचारलं, कुठं होतास, तर आजोबा काय म्हणतात, पाहुणे कोण बसलेत, भिंतीवर काय छापलंय, ह्यातलं काही बघू नका. मोठ्यांनी खोटं सांगितलं तर तुम्ही मधे तोंड घाला. मार बसला तर खा.

कालचीच गोष्ट. मेंढरांचा एक व्यापारी आला होता, नवखा. खाटेवर टेकला, चहा घेतला, वर बघून त्यानं मला वाचलं. कुणीतरी त्याला रस्त्यात अर्धवट सांगितलं असावं.

“आबा, ह्यो तुमचा पोरगा,” तो म्हणाला, “ऑस्ट्रेलियात वारला व्हय?”

म्हसूआबा कोकराला पाला घालत होते. ते हळूहळू उठले, खाटेपाशी आले आणि व्यापारी बसला होता त्या जागेवर त्यांनी हात ठेवला.

“न्हाई,” ते म्हणाले. “हितं वारला. माज्यामुळं.”